विश्लेषण : मेंदूतला रक्तस्राव विजेने थांबवणारा सर्जन... हार्वे कुशिंग कोण होते? ‘कॉटरी’मुळे शस्त्रक्रिया कशी बदलली?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या फाइलवर सही करताना नातेवाइकांच्या कानावर एक शब्द हमखास पडतो, तो म्हणजे कॉटरी. पित्ताशयाचे ऑपरेशन असो, स्तनातली गाठ असो की डोक्यातला ट्यूमर, हे यंत्र टेबलाशेजारी असतेच. सर्जनच्या हातात पेनासारखी दांडी, तिच्या टोकाला धातूची चपटी पट्टी आणि पायाशी स्विच. पेनाचे टोक टेकले की बारीक धूर निघतो आणि वाहती रक्तवाहिनी जागच्या जागी बंद होते. ही किमया आज रोजची झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी ती नव्हती. तेव्हा डोक्यातल्या कितीतरी गाठी केवळ रक्त थांबत नाही म्हणून अर्ध्यावर सोडाव्या लागत. हे चित्र बदलण्यात अमेरिकी सर्जन हार्वे कुशिंग यांचा आणि त्यांना यंत्र देणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे.

हार्वे कुशिंग कोण होते?

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील, आजोबा, पणजोबा सगळे डॉक्टर, त्यामुळे घरात वैद्यकी चौथ्या पिढीपर्यंत आली. १८९१ मध्ये येल विद्यापीठातून पदवी आणि १८९५ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते शस्त्रक्रियेकडे वळले. आधुनिक न्यूरोसर्जरीचे, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचे, जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कुशिंग आजार आणि कुशिंग सिंड्रोम ही नावे वैद्यकीय विद्यार्थी आजही पाठ करतात, ती याच माणसाची.

पण या कीर्तीची सुरुवात एका अपयशातून झाली. विद्यार्थी असताना रुग्णाला गुंगीसाठी ईथर देण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुरेसे प्रशिक्षण कोणालाच नसे. जो मोकळा सापडेल त्या विद्यार्थ्याच्या हाती ईथरची बाटली दिली जाई. शस्त्रक्रिया सुरू असतानाच तो रुग्ण दगावला. असे होतच असते, अशी त्या काळातल्या ज्येष्ठांची समजूत होती. कुशिंग यांना ती पटली नाही. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावे, इथपर्यंत त्यांच्या मनात आले.

त्यांनी शिक्षण सोडले नाही, नोंदी ठेवायला सुरुवात केली. वर्गमित्र अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी गुंगीतल्या रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने कागदावर टिपण्याची पद्धत बसवली. आज ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी बसून भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचा उगम तिथे आहे. पुढे १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा पाहिला आणि ती पद्धत अमेरिकेत नेली. आपल्या हातून काय चुकले हे मोजायचे, लिहायचे आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी सुधारायचे, ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव एवढा मोठा शत्रू का?

पोटात किंवा पायात रक्तवाहिनी कापली गेली, तर सर्जन ती चिमट्यात धरतो आणि दोऱ्याने बांधतो. मेंदूत हे जमत नाही. तिथल्या वाहिन्या नाजूक. धरायला गेले तर फाटतात. शेजारचा भाग बोलण्याचा, पाहण्याचा किंवा हात हलवण्याचा असू शकतो. धसमुसळेपणा केला की रुग्ण वाचूनही लुळा पडतो. शिवाय कवटी ही बंद पेटी आहे. आत साचलेल्या रक्ताला पसरायला जागा नसते, ते मेंदूलाच दाबते. या दाबाचा रक्तदाब व श्वासावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास कुशिंग यांनी १९०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बर्न येथे केला होता. तो परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

गाठींचा स्वभाव आणखी वेगळा. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या काही गाठी रक्ताने भरलेल्या स्पंजासारख्या असतात. हात लावावा तिथून रक्त झिरपते. त्या काळी रुग्णालयात रक्तपेढी नव्हती. अमेरिकेत शिकागोच्या रुग्णालयात रक्तपेढी सुरू झाली ती १९३७ मध्ये. त्याआधी रक्तदाता थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत बसवावा लागे. त्यामुळे किती रक्त गेले याचा अंदाज घेत, वेळेवर थांबणे हाच शहाणपणा होता.

वीज येण्याआधी रक्त कसे थांबवत?

उष्णतेने रक्त थांबते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखम सांधणे ते संधान, थंडाव्याने रक्त गोठवणे ते स्कंदन, भस्म वापरणे ते पाचन आणि डाग देऊन शिरा आकसवणे ते दहन. त्यातही दहन हा इतर तीन उपाय थकल्यावरचा मार्ग मानला आहे. त्या क्रमातच उष्णतेचा धोका ओळखलेला दिसतो. युरोपात तापल्या सळईने जखमा डागत. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे यांनी अवयव कापताना डागण्याऐवजी रक्तवाहिन्या बांधण्याचा आग्रह धरला आणि रुग्णांच्या यातना कमी केल्या.

मेंदूसाठी मात्र ना सळई उपयोगाची, ना दोरा. कुशिंग यांनी म्हणूनच एकेक युक्ती शोधली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या गुरूंकडून ते सावकाश, हळुवार, रक्ताचा थेंबन् थेंब वाचवणारी शस्त्रक्रिया शिकले होते. कवटी उघडताना डोक्याच्या कातडीतून होणारा रक्तस्राव रोखण्यासाठी त्यांनी डोक्याभोवती हवा भरण्याचा पट्टा बांधला. १९११ मध्ये त्यांनी चांदीच्या बारीक चिमट्या वापरात आणल्याचे जाहीर केले. बांधता न येणाऱ्या वाहिनीवर ही चिमटी दाबून बसवायची आणि आतच ठेवून द्यायची. झिरपणाऱ्या जागेवर स्नायूचा लहानसा तुकडा दाबून धरण्याचा उपायही ते करत. एवढे करूनही रक्त थांबले नाही, तर जखम बंद करायची, रुग्णाला सावरू द्यायचे आणि काही दिवसांनी पुन्हा उघडायचे.

या शिस्तीचा परिणाम दिसत होता. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया म्हणजे जवळपास मृत्यूचे आमंत्रण असा समज असताना, कुशिंग यांच्याकडे मृत्यूचे प्रमाण उतरत दहा टक्क्यांच्या आसपास आले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकी लष्करप्रमुख जनरल लेनर्ड वूड यांच्या मेंदूच्या आवरणातली गाठ काढली आणि वूड पुन्हा कामावर रुजू झाले. १९१२ मध्ये कुशिंग हार्वर्डमध्ये आले आणि बोस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयाचे शल्यविभाग प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी सैनिकांच्या मेंदूत रुतलेले लोखंडाचे तुकडे काढण्यासाठी विद्युतचुंबक वापरून पाहिला.

तरीही काही गाठी अशा होत्या की, त्यांना हात लावायची सोय नव्हती. अशा रुग्णांना ते घरी पाठवत. त्यांची नावे आणि रेखाटने नोंदवहीत मात्र राहत.

१९२६ हे वर्ष निर्णायक का ठरले?

या वर्षी कुशिंग ५७ वर्षांचे होते. त्यांनी लिहिलेल्या सर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राला याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. मान, कीर्ती, देशोदेशींचे विद्यार्थी, सगळे काही होते. आणि जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावला. तो येलमध्ये शिकत होता. बातमी कळल्यानंतरही कुशिंग यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. काहींना यात कर्तव्यनिष्ठा दिसली, काहींना कोरडेपणा. ते सहकाऱ्यांशी कडक, प्रसंगी कठोर वागत आणि घरापेक्षा रुग्णालयात अधिक असत, हे त्यांचे चरित्रकारही नाकारत नाहीत.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी एक असा निर्णय घेतला, जो घेण्याची गरज त्यांच्यासारख्या नामवंताला नव्हती. आपल्या हातांची मर्यादा मान्य करून, डॉक्टर नसलेल्या माणसाला त्यांनी यंत्रासह शस्त्रक्रियेच्या खोलीत बोलावले.

विल्यम बोवी कोण?

विल्यम बोवी यांचा जन्म १८८२ मध्ये मिशिगन राज्यातील ऑगस्टा या छोट्या गावात झाला. त्यांची डॉक्टरेट वनस्पतींच्या शरीरक्रियेवरची, हार्वर्डमधून मिळवलेली. पुढे ते हार्वर्डच्या कर्करोग संशोधन आयोगात काम करू लागले. किरणांचा आणि विजेचा सजीव पेशींवर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. उच्च वारंवारितेच्या विजेने गाठी नष्ट करता येतील का, हे तपासताना त्यांनी एक यंत्र तयार केले. त्यातून दोन प्रकारचा प्रवाह मिळे. एक पेशी कापणारा आणि दुसरा रक्त गोठवणारा.

शस्त्रक्रियेत वीज वापरणारे बोवी पहिले नव्हते, हे इथे सांगायला हवे. अशी वीज शरीरातून गेली तरी स्नायूंना झटका बसत नाही, हे फ्रान्सचे शास्त्रज्ञ आर्सेन दारसोंव्हाल यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. पॅरिसचे सर्जन पोझी यांनी १९०७ च्या सुमारास ठिणग्यांनी गाठी जाळून पाहिल्या. न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यांनी १९१० मध्ये मूत्राशयातल्या गाठींवर या विजेचा वापर केला. पण ही साधने मुख्यतः त्वचेवरील किंवा सहज पोहोचता येणाऱ्या गाठींसाठी होती. अनेक सर्जन त्यांच्याकडे संशयाने पाहत. बोवी यांचे यंत्र भरवशाचे होते आणि कुशिंग यांचा शब्द वजनदार. हे दोन्ही एकत्र आले, हे १९२६ चे वैशिष्ट्य.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी काय घडले?

रुग्णाचे वय ६४ वर्षे. डोक्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली, वाढत जाणारी गाठ. तीन दिवसांपूर्वी कुशिंग यांनी ती काढण्याचा प्रयत्न केला होता, पण रक्तस्राव आवरेना म्हणून थांबावे लागले होते. दुसऱ्या प्रयत्नाला बोवी आपले यंत्र घेऊन हजर झाले. टाके उघडले आणि त्याच जागेवर काम पुन्हा सुरू झाले.

त्या दिवशी खोलीत गर्दी होती. शस्त्रक्रिया पाहायला आलेले पाहुणे होते, यंत्र सांभाळणारी माणसे होती आणि रक्त देण्यासाठी बसवलेला एक दाताही होता. समोरचे दृश्य पाहून त्यालाच चक्कर आली. कुशिंग मात्र तारेच्या लहान कडीने गाठीचे एकेक पापुद्रे काढत गेले. कडी जिथून जाई, तिथली वाहिनी बंद होत जाई. हव्या त्या वेळी कापणारा प्रवाह, हव्या त्या वेळी गोठवणारा. तीन दिवसांपूर्वी अशक्य ठरलेली गाठ निघाली आणि रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरला.

त्यानंतर कुशिंग यांनी जे केले, ते त्यांच्या स्वभावाला धरून होते. त्यांनी जुन्या नोंदवह्या उघडल्या. ज्यांच्या गाठी अर्ध्यावर सोडाव्या लागल्या होत्या किंवा ज्यांना शस्त्रक्रिया शक्य नाही म्हणून परत पाठवले होते, त्या रुग्णांना पुन्हा बोलावणे धाडले. नोंदी नसत्या, तर हे रुग्ण सापडलेच नसते. १९२८ मध्ये त्यांनी या अनुभवावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बोवी यांचे यंत्राविषयीचे टिपणही त्यासोबत छापले गेले. जगभरातल्या सर्जनांनी तो वाचला आणि हे यंत्र इतर शाखांत शिरले.

रुग्णाला विजेचा झटका का बसत नाही?

घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. आपल्या नसा आणि स्नायूंना हा वेग कळतो, म्हणून झटका बसतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शस्त्रक्रियेच्या यंत्रातली वीज सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलते. जड झोपाळा क्षणात पुढे, क्षणात मागे असा लाखो वेळा ढकलला तर तो जागचा हलणार नाही, तसे नसांचे होते. प्रवाहाला प्रतिसाद द्यायला त्यांना वेळच मिळत नाही. पण प्रवाहामुळे पेशींत उष्णता तयार होते, ती होतेच.

ही उष्णता फक्त पेनाच्या टोकाशी का? शेताला पाणी देताना पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की तेच पाणी जोरात उसळते. मोठ्या तोंडातून ते शांत वाहते. विजेचेही तसेच. पेनाचे टोक अगदी लहान, म्हणून तिथे प्रवाह एकवटतो आणि पेशी तापतात. तीच वीज रुग्णाच्या मांडीला किंवा पाठीला लावलेल्या मोठ्या प्लेटमधून यंत्राकडे परत जाते. तिथे ती पसरलेली असल्याने कातडी भाजत नाही.

पेशींचे तापमान साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यातली प्रथिने, उकडलेल्या अंड्यासारखी, घट्ट होतात आणि वाहिनी मिटते. १०० अंशांवर पेशीतल्या पाण्याची झटकन वाफ होते आणि पेशी फुटते. हेच कापणे. सलग प्रवाह दिला तर पेशी कापल्या जातात, तुटक प्रवाह दिला तर रक्त गोठते.

इथे एका शब्दाचा घोळही लक्षात घ्यावा. खरी कॉटरी म्हणजे तापलेली तार. ती बाहेरून डागते आणि रुग्णाच्या शरीरातून वीज जात नाही. बोवी यंत्रात पट्टी स्वतः तापवलेली नसते, पेशीच आतून तापते. त्याला इलेक्ट्रोसर्जरी किंवा सर्जिकल डायथर्मी म्हणतात. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र दोन्हींना सरसकट कॉटरी म्हणण्याचा रिवाज पडला आहे.

यंत्र आले म्हणजे सगळे सोपे झाले का?

नाही. सुरुवातीच्या दिवसांत यंत्रानेच नवे धोके आणले. एकदा प्रवाह धातूच्या हत्यारातून कुशिंग यांच्या हातात शिरला आणि डोक्यावर बांधलेल्या दिव्यातून बाहेर पडला. ईथर ज्वालाग्राही. एका रुग्णाच्या कपाळाच्या हाडातली पोकळी उघडली, तेव्हा तिथून निघालेल्या ईथरने यंत्राच्या ठिणगीने पेट घेतला. त्यानंतर अशा शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याची पद्धत बदलावी लागली.

सर्वांत मोठा धक्का ऑगस्ट १९२७ मध्ये बसला. जनरल वूड तेव्हा फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. त्यांची गाठ पुन्हा वाढली होती. ते बोस्टनला आले आणि कुशिंग यांनी शस्त्रक्रिया केली. ७ ऑगस्ट १९२७ रोजी, शस्त्रक्रियेनंतर काही तासांत, मेंदूत रक्तस्राव होऊन वूड यांचा मृत्यू झाला. सतरा वर्षांपूर्वी ज्या रुग्णाने कुशिंग यांना देशभर नाव मिळवून दिले, तोच त्यांच्या हातून गेला. नवे यंत्र हाती येऊन वर्षही झाले नव्हते. या मृत्यूने कुशिंग खचले, पण थांबले नाहीत. १५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी निदान पक्के झालेल्या मेंदूच्या गाठीची २,००० वी शस्त्रक्रिया केली. प्रत्येक गाठीची नोंद आणि नमुना त्यांच्या सहकारी डॉ. लुईस आयझनहार्ट यांनी सांभाळला होता.

श्रेय आणि पैसा कोणाच्या वाट्याला आला?

यंत्राला नाव मिळाले बोवी. अमेरिकेतल्या थिएटरमध्ये आजही सर्जन हे यंत्र बोवी म्हणूनच मागतात. बोवी यांना मात्र त्यातून काही मिळाले नाही. यंत्राचे हक्क त्यांनी सिनसिनाटीच्या लीबेल-फ्लार्शाइम कंपनीला अवघ्या एका डॉलरला दिले, असे त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे. कंपनीने यंत्रे बनवली आणि ती सगळीकडे पोहोचली. हार्वर्ड सोडून बोवी शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले, नंतर मेन राज्यात स्थायिक झाले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची परिस्थिती ओढगस्तीची होती.

कुशिंग यांनी आपल्या लेखनात बोवी यांचे ऋण लपवले नाही. पण पाठ्यपुस्तकांत एकाचे नाव आजाराला आणि दुसऱ्याचे यंत्राला राहिले. पहिल्याचे चरित्र अनेकांनी लिहिले, दुसऱ्याचे आयुष्य मात्र शोधनिबंधांच्या काही पानांत मावले.

हे तंत्र आपल्याकडे कसे आले?

कुशिंग यांच्या हाताखाली तरुणपणी काम केलेल्यांपैकी एक होते वाइल्डर पेनफिल्ड. त्यांनी पुढे कॅनडात माँट्रियल येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र उभारले. तिथे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. मुंबईत या शाखेची सुरुवात १९५० च्या दशकाच्या आरंभी डॉ. राम गिंडे यांनी केली. म्हणजे बोस्टनची शिस्त माँट्रियलमार्गे भारतात पोहोचली.

मराठवाड्यासाठी १९५६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे घाटी म्हणून सर्वतोमुखी झालेल्या या रुग्णालयात आज जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासूनचे रुग्ण येतात. शहरातच शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. गाठ काढताना रक्त कमी जाणे याचा अर्थ मराठवाड्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या ऑपरेशनसाठी पिशव्या जमवताना गावाकडून मुलांना कसे बोलवावे लागते, हे अनेक घरांना माहीत आहे.

यंत्रही बदलले आहे. मेंदूसारख्या नाजूक जागी आता चिमट्याच्या दोन टोकांमधूनच वीज जाते. चिमट्यात धरलेला भाग तेवढा तापतो, बाकी शरीरातून प्रवाह जात नाही. त्याला बायपोलर म्हणतात. अमेरिकी सर्जन जेम्स ग्रीनवूड आणि लेनर्ड मॅलिस यांनी १९४० नंतर ही पद्धत पुढे नेली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर पोटाच्या आत हात घालून वाहिनी बांधणे शक्यच नसते, त्यामुळे विजेच्या उष्णतेवर अधिकच भिस्त असते.

रुग्ण व नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

ऑपरेशनआधी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चांदीचा करदोटा काढायला सांगतात, त्याचे एक कारण हे यंत्र आहे. धातूतून प्रवाहाला आडवाट मिळाली तर तिथे भाजण्याचा धोका असतो. दागिना अंगावर लपवून ठेवू नये. जोडवी निघतच नसतील, तर तसे परिचारिकेला स्पष्ट सांगावे.

हृदयात पेसमेकर असेल किंवा पूर्वी हाडात पट्टी, सळई बसवली असेल, तर डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधी सांगावे. पेसमेकरच्या कामात ही वीज व्यत्यय आणू शकते. त्यासाठी आधीच तयारी करता येते, आयत्या वेळी नाही. ऑपरेशननंतर मांडीवर किंवा पाठीवर प्लेटच्या जागी लाल चट्टा किंवा फोड दिसला, तर तो लगेच दाखवावा. प्लेट नीट चिकटली नाही तर तिथे भाजू शकते.

कातडीला लावलेले स्पिरिटयुक्त औषध पूर्ण वाळल्याशिवाय हे यंत्र वापरू नये, हा नियम ऑपरेशन थिएटरमध्ये पाळला जातो. शंभर वर्षांपूर्वी ईथरने घेतलेल्या पेटीचाच हा धडा आहे.

कुशिंग यांची अखेर कशी झाली?

१९३२ मध्ये कुशिंग यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या बारीक गाठीमुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले. तोच आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी ते बोस्टनच्या रुग्णालयातून निवृत्त झाले आणि नंतर येलला परतले. अखेरच्या वर्षांत धूम्रपानाने त्यांच्या पायांचा रक्तपुरवठा बिघडला होता. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत, मधोमध असलेल्या पोकळीत, एक लहानशी गाठ सापडली. ती कर्करोगाची नव्हती आणि तिने त्यांना कधी त्रास दिल्याचे दिसत नव्हते. हयातभर इतरांच्या डोक्यातल्या गाठी मोजणाऱ्या माणसाच्या नोंदवहीत ही एक गाठ तेवढी राहून गेली होती.

त्यांनी जमवलेले मेंदूचे नमुने, रुग्णांची छायाचित्रे आणि कागदपत्रे येलमध्ये दीर्घकाळ तळघरात धूळ खात पडली. ती पुन्हा शोधून, स्वच्छ करून २०१० मध्ये लोकांसाठी खुली करण्यात आली. काचेच्या बरण्यांच्या रांगांतून फिरणाऱ्याला तिथे शस्त्रक्रियेआधीचे चेहरे दिसतात. त्यांत काही असे आहेत, ज्यांना एकदा घरी पाठवले गेले होते आणि १९२६ नंतर पुन्हा बोलावणे गेले.